मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर येथील, वीजग्राहकांच्या मालकीची संस्था होय. १९६९ साली स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या साहाय्याने देशात प्रायोगिक तत्त्वावर उभ्या राहिलेल्या पाच संस्थांपैकी ही एक. राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेऊन ती श्रीरामपूर, राहुरी व लगतच्या भागांतील गावांना पुरवी. येथे बिल भरणारा शेतकरीच सभासद असे. संचालक मंडळ निवडण्याचा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विचारण्याचा अधिकार त्यास होता. परंतु शेतीपंपांचे दर सवलतीचे, तर घाऊक खरेदीची थकबाकी वाढती राहिली. परवान्याची मुदत संपल्यानंतर २०११ मध्ये वितरणाचे काम महावितरणकडे गेले व सभासद केवळ ग्राहक उरले. त्याच पाच संस्थांपैकी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था मात्र अद्याप वीज वितरण करते.