दांड्याखालचे चार स्विच

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी, २०२३ साली झालेल्या हांगझाउच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ हा व्हिडिओ गेम पदकाचा खेळ होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू याने नेलं. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण खेळ वेगळा आणि जुगार वेगळा, हे कागदावर यायला इतकी वर्षं लागली, ते मात्र बोचलं. शेगावातली आम्ही पोरं हेच नव्वदच्या दशकात घसा कोरडा करून सांगत होतो. तेव्हा आम्हाला टवाळ म्हटलं गेलं.

 टीव्हीला जोडायचे नकली गेम-संच घरोघरी आले, मग सायबर कॅफे आले, मग फोनवरचं पब्जी आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंदही झालं. त्यांनी मला फारसं काही दिलं नाही. माझा काळ म्हणजे साधारण १९९३ ते २००३, आणि माझी जागा म्हणजे स्टेशनकडून मंदिराकडे येणाऱ्या रस्त्याजवळच्या एका गल्लीतलं पार्लर. प्लायवूडची खोकी, आत जुन्या टीव्हीची ट्यूब, एका रुपयात एक गेम. गावातली पोरं येत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवरची येत, आणि गाडीला वेळ असलेले भाविकही लेकराचा हात धरून डोकावत.

सगळ्यात जास्त गर्दी ‘मुस्तफा’ला. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला आपल्याकडे त्या नावाने कुणी ओळखत नसे, पिवळ्या टोपीचा, सगळ्यात चपळ गडी मुस्तफा, तेच गेमचं नाव. पण खरी परीक्षा १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ची, आणि नंतर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ची. कारण तिथे समोर माणूस उभा असे, आणि दांडा नीट चालला नाही तर रुपया गेला.

दांडा म्हणजे नेमकं काय, ते आज सांगावं लागेल. वर गोटी, मध्ये लोखंडी सळई, खाली स्प्रिंग आणि सळईच्या चारी बाजूंना चार छोटे मायक्रोस्विच. दांडा उजवीकडे ढकलला की खालचं टोक डावीकडे जातं आणि तिथला स्विच दाबतं. तिरपा ढकलला की दोन स्विच एकदम दाबले गेले पाहिजेत. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या रियूचा आगीचा गोळा काढायचा तर खाली, तिरपं, पुढे आणि बुक्की. यातलं तिरपं चुकलं की गोळा निघत नाही, नुसती बुक्की बसते. पोरगा म्हणे, बटण खराब आहे. बटण ठणठणीत असे. तिरप्यात दुसरा स्विच उशिरा लागत असे. हा दोष कानाने पकडता येतो. दांडा हळूहळू फिरवायचा आणि टिकटिक ऐकायची. तिरप्यात एकच टिक आली, की रोग तिथे.

हे मला पार्लरमध्ये येणाऱ्या टीव्ही मेकॅनिककडून कळलं. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणत असू. दांडा जोरात हिसकणारा पोरगा दिसला की ते दारातूनच ओरडत, ‘काहून रे पोट्ट्या, हॅन्डल उपटून घरी नेतं का?’ तिरप्याच्या रोगावर ते स्विचची पत्ती बारीक पक्कडने किंचित वाकवत, म्हणजे तो थोडा आधी लागे. ढिल्या दांड्याला नवी स्प्रिंग. जास्त फिरणाऱ्या दांड्याभोवती सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवत, म्हणजे दांडा लवकर मध्यावर परते. गोटी फुटली तर खामगावच्या लेथवाल्याकडून नायलॉनची करून आणत. बुक्कीच्या बटणाचा स्विच झिजला आणि नवा हाताशी नसला, तर दुसऱ्या खेळाडूच्या स्टार्ट बटणाचा काढून लावत, कारण तो गेममागे एकदाच दाबला जातो. आणि तेल कुणालाही घालू देत नसत. तेल धूळ धरतं, स्विचमध्ये उतरतं, आणि आठवड्यात दांडा आधीपेक्षा वाईट होतो.

वायरिंगमध्ये तर शिकण्यासारखं फार होतं. सगळ्या बटणांची अर्थिंगची वायर एकातून दुसऱ्यात अशी ओवलेली असते. एकच बटण गेलं तर दोष त्या बटणाचा; एका बटणापासून पुढची सगळी गेली तर मधली अर्थिंग तुटलेली. टेस्टर लावण्याआधी हा विचार करायचा. बोर्ड जोडायची ‘जॅमा’ पट्टी ५६ टोकांची, जपानी कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास ठरवलेली, आणि तिच्यात एका खेळाडूला तीनच बटणं धरलेली. ‘स्ट्रीट फायटर’ला लागतात सहा. लाथांची तीन वेगळ्या जोडणीने आणावी लागत. आमच्या खोक्यात सुरुवातीला ती जोडणीच नव्हती, आणि आम्ही कितीतरी दिवस फक्त बुक्क्यांवर भांडलो. भाऊंनी पत्र्याला भोकं पाडून लाथा आणल्या, त्या दिवशी पार्लर रात्री उशिरापर्यंत बंद झालं नाही.

प्रकटदिन आणि ऋषिपंचमी या मंदिराच्या उत्सवांना गावात पाय ठेवायला जागा नसे, आणि त्यानंतरचा आठवडा दुरुस्तीचा. त्या आठवड्यात मी पाना, पक्कड आणि टेस्टर धरायला शिकलो. होस्टेलवरची इलेक्ट्रॉनिक्सची मुलं शेजारी उकिडवी बसून बघत.

आता त्या जुन्या हिशेबाबद्दल. ‘व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार’ अशा बातम्या राज्यभर छापून येत आणि त्यात खोटं काही नव्हतं. तसे अड्डे होतेच. पण जुगाराच्या यंत्राला असा चारी बाजूंना ढकलायचा दांडा नसतो. तिथे बटण दाबायचं आणि नशिबाची वाट पाहायची. ज्या फळीवर दांडा आणि सहा बटणं आहेत तिथे हाताचं कसब चालतं, हे खोक्याकडे नुसतं पाहून कळतं. आमच्याकडे तपासणीला आलेल्यांनी एवढं पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. आमच्या पार्लरमधली दोन खोकी टेम्पोत चढवली गेली, परत आली तेव्हा त्यांच्या वायरी तोडलेल्या होत्या. गावातल्या मान्यवरांनी मान डोलावली. मालकाने वर्षभरात शटर ओढलं. अकोल्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘पार्लरवाला’ ही शिवी झाली. ज्यांनी हे केलं त्यांना आजही मी माफ केलेलं नाही.

कारण गमावलं ते लहान नव्हतं. आज जगभर हौशी लोक हेच काम छंद म्हणून करतात. जपानच्या सान्वाचा ‘जेएलएफ’ दांडा आणि ३० मिलिमीटरची बटणं मागवतात, दांड्याखालची चौकोनी चौकट काढून अष्टकोनी घालतात, कडक स्प्रिंग टाकतात. पाच तारांचा प्लग, सोल्डर लागत नाही. हात बसायला थोडा वेळ लागतो, बाकी सगळं भाऊंच्या कामासारखंच. फरक इतकाच, की त्यांना कसबी म्हणतात आणि आमच्या भाऊंना पार्लरचा माणूस म्हटलं गेलं. शिवाय आता दांडाच जातो आहे. नुसत्या बटणांचे कंट्रोलर स्पर्धांत वाढले आहेत, आणि घराघरांतली पोरं तर फोनच्या काचेवर रंगवलेल्या गोल दांड्यावर अंगठा घासतात. त्याखाली स्विच नाही, स्प्रिंग नाही, उघडायला स्क्रू नाही. माझ्या भाच्याच्या कंट्रोलरचा दांडा आपोआप एका बाजूला सरकू लागला, तेव्हा दुकानाने सांगितलं, नवा घ्या. उघडून पाहिलं तर आतला फिरता भाग झिजलेला होता. तेवढा बदलला, चालू झाला.

म्हणून एक विनंती. शेगाव, खामगाव, अकोला, कुठेही कुणाच्या माळ्यावर जुनं खोकं, बोर्ड किंवा नुसता दांडा पडला असेल तर किलोच्या भावाने भंगारात देऊ नका. बोर्डावर बॅटरी आहे का ते आधी पाहा. ‘मुस्तफा’च्या अस्सल बोर्डात आवाजाच्या चिपची गुप्त किल्ली बॅटरीवर टिकलेली असते, बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. म्हणून ती स्वतः उपटू नका, जाणत्याला दाखवा. आपल्याकडच्या बहुतेक नकली बोर्डांत ही भानगडच नव्हती, त्यामुळे ते अजून चालू असण्याची शक्यता जास्त. ट्यूबच्या मागे हात घालू नका, बंद टीव्हीतही झटका बसतो. आणि जवळच्या इंजिनिअरिंग किंवा आयटीआयच्या मास्तरांना विचारा: एक खोकं प्रयोगशाळेत ठेवलं, तर स्विच, अर्थिंग आणि दोषशोधन शिकवायला त्याहून चांगलं साधन मिळणार नाही.