फिरवायचं डाव्यानं

हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट, आणि चेंडू खेळायचा तो त्याच बाजूनं. म्हणून ड्रिबलिंगचं सारं कसब मनगटात. मुठीवरचा डावा हात स्टिक फिरवतो. खालचा उजवा नळीसारखा सैल ठेवायचा. नवखी मुलं नेमका उजवाच आवळतात आणि चेंडू निसटतो. आधी जागेवरच उभं राहून चेंडू उजवीकडून डावीकडे ओढावा, स्टिक उलटवून टोक खाली वळवावं, परत आणावा. धावणं नंतर. खरा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, टणक. अगदी लहानग्यांना खुशाल टेनिसचा द्यावा. महागड्या स्टिकचीही घाई नको. खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले यांनी लहानपणी तुटक्या स्टिकवरच हात बसवला होता.