शके १११० म्हणजे नेमकं कोणतं साल?



पालीतल्या आपल्या मुलांनी अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचं नाव ऐकलेलं असतंच. त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचं वर्ष परंपरेने शके १११० मानलं जातं. मुलं तो आकडा इसवी सन समजून वहीत लिहितात आणि एका फटक्यात ७८ वर्षं मागे जातात. म्हणून आकड्याच्या आधी कोणता शब्द आहे, ते पाहायची सवय लावा.

इसवी सन : शकात ७८ मिळवा. १११० + ७८ = ११८८. पण शक गुढीपाडव्याला बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे ११८९.

विक्रम संवत : शकात १३५ मिळवा. उत्तर भारतात संवत चैत्रात बदलतो, म्हणून १२४५. गुजरातेत तो दिवाळीनंतर बदलतो. तिथे दिवाळीपर्यंत १२४४ आणि पुढे १२४५.

हिजरी सन : इथे खरी गंमत आहे. हिजरीची सुरुवात इ.स. ६२२ ची, म्हणून मुलं ११८८ मधून ६२२ वजा करून ५६६ सांगतात. प्रत्यक्षात ते हिजरी ५८४ होतं. असं का? हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवस कमी पडतात. आपण अधिक महिना घालून मेळ बसवतो, हिजरीत तो नसतो. म्हणून आपली ३२ वर्षं होईपर्यंत हिजरीची जवळपास ३३ होतात. ५६६ ला ३२ ने भागलं की सुमारे १८ येतात. ५६६ + १८ = ५८४. ही रीत अंदाजाची आहे, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

ज्यू कालगणना : इसवी सनात ३७६० मिळवा, ४९४८ येतं. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, तिथून पुढे ४९४९.

वर्ष एकच, मोजायची सुरुवात वेगवेगळी. जुना शिलालेख किंवा दस्तऐवज वाचताना ही जाण नसेल, तर आधीची घटना नंतरची ठरते आणि सगळा क्रमच बिघडतो.

आता मुलांना हे द्या : नेवाशाला ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. बाकीचे सन काढा. उत्तरं : इ.स. १२९०, चैत्री संवत १३४७, हिजरी ६८९. हिजरीचं उत्तर ६६८ आलं, तर चंद्राच्या वर्षाचा भाग पुन्हा एकदा समजावा.