फोनमधील फर्मवेअरचे पुनर्लेखन : गरज किती, समजूत किती?

फोन मंद चालू लागला किंवा मध्येच आपोआप बंद पडू लागला, म्हणजे ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ हे उत्तर दुरुस्तीच्या दुकानात हमखास ऐकू येते. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते आणि तोच उपचार पुन्हा केला जातो. या पुनरावृत्तीस शास्त्रीय आधार आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व क्षेत्रकार्यातील छायाचित्रे आज बहुधा फोनमध्येच असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ दुरुस्तीचा राहत नाही.

‘फर्मवेअर’ ही संज्ञा ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली रूढ केली. फोनच्या बाबतीत मात्र या शब्दाने व्यवहारात सबंध मूळ कार्यप्रणालीचाच बोध होतो. ती ज्या स्मृतीत साठविली जाते, ती फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाली. ‘फोन फ्लॅश करणे’ हा वाक्प्रयोग त्या नावावरूनच आला आहे.

फर्मवेअर वापराने झिजते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः अँड्रॉइड फोनमध्ये कार्यप्रणालीचा विभाग केवळ वाचनासाठी खुला असतो. नित्याच्या वापरात त्यावर काहीही लिहिले जात नाही. शिवाय २०१३ साली आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून त्या विभागातील प्रत्येक खंड वाचताना तो मूळ स्वरूपात आहे की नाही, हे गणिताने पडताळण्याची सोय झाली. २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून ही पडताळणी अधिक कडक झाली व किरकोळ बिघाड आपोआप दुरुस्त करण्याची योजनाही तीत आली. तात्पर्य, जो फोन ही पडताळणी पार करून सुरळीत सुरू होतो, त्याचे फर्मवेअर सहसा मूळचेच असते. त्याच जागी तेच पुन्हा लिहून काय साधणार?

मग फ्लॅश केल्यावर फोन काही दिवस चांगला चालतो, तो कसा? उत्तर सोपे आहे. या क्रियेत बहुधा वापरकर्त्याची सर्व माहिती व ॲपेही पुसली जातात. भरलेली जागा रिकामी होते आणि पार्श्वभूमीवर चालणारी ॲपे नाहीशी होतात. म्हणजे एकाच वेळी दोन घटक बदलले, पण श्रेय मात्र एकालाच दिले गेले. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष आपण मान्य करणार नाही. केवळ ‘फॅक्टरी रीसेट’ करून पाहिल्यास बहुतेक वेळा तोच परिणाम दिसतो. ॲपे परतली की मंदपणाही परततो.

रत्नागिरीत आणखी एका कारणाकडे लक्ष दिले पाहिजे. येथे वर्षाकाठी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि हवा खारट व दमट असते. चार्जिंगच्या खाचेत ओल शिरून धातूचे संपर्कबिंदू गंजतात. बॅटरी जुनी झाली म्हणजे जास्त भार पडताच विद्युत्दाब घसरतो व फोन बंद पडतो. हे दोष फर्मवेअरने कसे दूर होणार? उलट फ्लॅश करण्यात दिवस जातात, तोवर गंज वाढतच राहतो.

फ्लॅश केल्याने स्मृती लवकर झिजते, ही भीतीही अतिशयोक्तच होय. १२८ जीबी स्मृती १,००० वेळा लिहिता येते असे धरले व लेखन सर्वत्र सारखे वाटले गेले, तर ६ जीबीचे फर्मवेअर वीस हजारांहून अधिक वेळा लिहिता येईल. खरा धोका वेगळाच आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधील माहिती सांकेतिक स्वरूपातच साठविणे सक्तीचे झाले. तिच्या किल्ल्या एकदा पुसल्या गेल्या की ती माहिती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. लेखन चालू असता वीज गेली अथवा दुसऱ्याच प्रतिकृतीचे फर्मवेअर घातले गेले, तर फोन कायमचा निकामी होऊ शकतो.

याचा अर्थ पुनर्लेखन सर्वथा निषिद्ध आहे, असा नव्हे. अद्ययावतीकरण अर्धवट राहून फोन सुरूच होत नसेल, मूळ प्रणालीत कोणी फेरफार केले असतील, किंवा तीतच उपद्रवी आज्ञावली दडलेली असेल, तर पुनर्लेखन योग्यच ठरते. काही फोनमध्ये ट्रायडा ही उपद्रवी आज्ञावली विक्रीपूर्वीच शिरली होती, हे गूगलने २०१९ साली मान्य केले. अशा प्रसंगी नुसता रीसेट पुरत नाही. उत्पादकाकडून येणारी सुरक्षा-सुधारणा मात्र निराळी गोष्ट आहे. ती अवश्य घ्यावी, तिने सहसा माहिती पुसली जात नाही.

सारांश, क्रम असा असावा : प्रथम माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी, मग मोकळी जागा, ॲपे, बॅटरी व चार्जिंगची खाच तपासावी, त्यानंतर रीसेट करावा आणि अगदी शेवटी उत्पादकाचे योग्य फर्मवेअर एकदाच घालावे. नीट केलेल्या एका पुनर्लेखनानंतरही दोष परतला, तर तो फर्मवेअरमध्ये नाही, असेच बहुधा समजावे. दुसरे पुनर्लेखन हा मग उपचार राहत नाही. चुकलेल्या निदानाची ती केवळ पुनरुक्ती होय.