पन्नास वर्षांची पन्नास गाणी

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने अमेरिकेतील गाण्याबजावण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘डीव्हो’ हा वाद्यवृंद कारखान्यांच्या मुलखातून आला आहे. २०२३ साली त्याला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने ‘ऱ्हायनो’ कंपनीने त्याची पन्नास गाणी एकत्र प्रसिद्ध केली. असा संग्रह कसा ऐकावा, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम तो मुलूख पाहू. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहराला जगाची रबर-राजधानी म्हणत, कारण मोटारींचे टायर तेथे तयार होत. रबर कामगारांची संघटना १९३५ साली तेथेच स्थापन झाली. १९३६ साली तेथील कामगारांनी यंत्रे थांबवून, कारखान्यातच ठाण मांडून संप केले. पुढे १९७० नंतर टायरचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले.

जवळच केंट येथे विद्यापीठ आहे. ४ मे १९७० रोजी युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या सैनिकांनी तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. जेराल्ड कसाले हा विद्यार्थी तेथे हजर होता आणि मृतांपैकी दोघांना तो ओळखत होता. माणूस पुढे जात नसून मागे चालला आहे, ही कल्पना तोवर मित्रमंडळींतील थट्टा होती. त्या दिवसानंतर ती थट्टा राहिली नाही. १९७३ साली मार्क मदर्सबॉ आदी सोबत्यांसह त्याने वाद्यवृंद उभा केला आणि ‘डीव्हो’ हे नाव त्याच कल्पनेवरून घेतले.

पुढे या मंडळींची गणना ‘न्यू वेव्ह’मध्ये झाली. आटोपशीर गाणी, तुटक ताल, सिंथेसायझरचा कोरडा आवाज, ही त्या धाटणीची लक्षणे. ‘रोलिंग स्टोन्स’चे असमाधानाचे प्रसिद्ध गाणे यांनी असे गायिले की, जणू पट्ट्यावर काम करणाऱ्या माणसाचे हातपायच यंत्र झाले आहेत.

१९८० साली ‘व्हिप इट’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले. नेटाने झटा म्हणजे सारे जमेल, या तेथील उपदेशाची त्यात टर उडविली आहे. पण लोकांच्या ध्यानात राहिल्या त्या त्यांच्या लाल पायऱ्यापायऱ्यांच्या टोप्या. एका गाण्यावरून पाहिले तर ही मंडळी विदूषक वाटतात. पन्नास गाणी लागोपाठ ऐकली म्हणजे त्या हसण्यामागची गोळीबाराची आठवण जाणवू लागते. संग्रहाचा खरा उपयोग हाच.

एका बाबतीत माझा मतभेद आहे. सर्वांनी एकसारखे कपडे घालून त्यांनी कळपाची थट्टा केली. ती रास्तही आहे. पण एकसारखे उभे राहणे म्हणजे नेहमीच अधोगती नव्हे. १९३६ साली त्याच अ‍ॅक्रनमध्ये माणसे एका निर्धाराने यंत्रांपाशी बसली, म्हणून मालकांना त्यांच्याशी बोलावे लागले. कळप आणि संघटना यांतील फरक या पन्नास गाण्यांत मला सापडला नाही.

अ‍ॅलन मायर्स २०१३ साली आणि बॉब कसाले २०१४ साली वारले. वाद्ये वाजविणारे हात असे कमी होत जातात. अशा वेळी कामाचा हिशेब एका ठिकाणी मांडून ठेवणे, हे गाणाऱ्यांचे जसे, तसे आपणा सर्वांचेच कर्तव्य आहे.