ताण, आम्ल आणि जठराचा व्रण

1936 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेली यांनी ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात असे दाखवले की, थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम किंवा विषबाधा यांपैकी कोणताही आघात झाला तरी उंदरांच्या शरीरात तेच बदल घडतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठराच्या अस्तराला व्रण, म्हणजेच अल्सर, पडतात. अधिवृक्क ग्रंथींतून ग्लुकोकॉर्टिकॉइड ही संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे अवयवांना संदेश पोहोचवणारी रसायने, स्रवत असल्यामुळे ताणाने ती वाढतात, त्यांच्यामुळे आम्ल वाढते आणि आम्ल जठर पोखरते, अशी सरळ कारणमालिका पुढे रूढ झाली.

ही मालिका प्रयोगांत दोन ठिकाणी तुटली. उंदराला काही तास जखडून थंडीत ठेवले असता व्रण पडतात, परंतु आम्लस्राव वाढतोच असे नाही. कित्येकदा तो घटतो. ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणारे सीआरएफ हे संप्रेरक थेट उंदराच्या मेंदूत टोचल्यास आम्लस्राव मंदावतो, हे 1983 साली सिद्ध झाले. अशा वेळी अस्तराचा रक्तपुरवठा रोडावतो, जठराचे आकुंचन तीव्र होते आणि संरक्षक श्लेष्म्याचा थर दुबळा पडतो, त्यामुळे एरवी निरुपद्रवी ठरणारे आम्लही घातक ठरते. आम्लाशिवाय व्रण सहसा होत नाही, हे मात्र खरेच. म्हणूनच आम्लरोधक औषधांनी तो टळू शकतो.

दुसरा धक्का अधिक मोठा होता. सेंट पीटर्सबर्गच्या पावलोव्ह शरीरक्रियाविज्ञान संस्थेतील ल्युडमिला फिलारेतोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणाखालील उंदरांमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन या ग्लुकोकॉर्टिकॉइडची वाढ रोखली, तेव्हा व्रण कमी न होता वाढले, आणि त्याची उणीव भरून काढताच ते घटले. तात्कालिक ताणात हे संप्रेरक अस्तराचा रक्तपुरवठा टिकवून जठराचे रक्षण करते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास मात्र त्याचा परिणाम उलटू शकतो.

माणसांतील बहुतेक अल्सरांना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके कारणीभूत असतात. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि गंभीर भाजलेल्या किंवा अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या जठरात पडणारे व्रण या प्राणिप्रयोगांशी जवळचे नाते सांगतात, आणि अशा रुग्णांच्या उपचारांत आम्ल आवरण्याइतकेच अस्तराचा रक्तपुरवठा सांभाळणे का महत्त्वाचे आहे, हेही या प्रयोगांतूनच उमगते.