टाक ना परत!

लॅब्रॅडॉर आणायचा हट्ट मुलांचा, पैसे बाबांचे आणि पुढची दहा-बारा वर्षं निस्तरायचं आईनं, हे चित्र आता तालुक्याच्या गावातही दिसतं. पिल्लू असतं तोवर सगळे त्याच्याभोवती. मग मुलगा बारावीला जातो, मुलगी होस्टेलला, आणि तीस-पस्तीस किलोचं ते धूड जिन्याखाली साखळीला. सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यापर्यंत एक चक्कर, दोन वेळा दूध-पोळी, शिवाय येता-जाता कुणी ना कुणी टाकलेलं बिस्किट. बघता बघता ते इतकं सुटतं की पाहुणे विचारतात, "वहिनी, हिला पिल्लं व्हायचीत का?" आणि आपण ओशाळून सांगतो, "अहो, तो 'तो' आहे!"

मैत्रिणींनो, अशा कुत्र्याला एकदा पाण्यावर घेऊन जा. नदीचा उथळ काठ, गावतळ्याचा उतार, कोकणात असाल तर ओहोटीच्या वेळचा शांत समुद्र. घरी जो दोन पायऱ्या चढताना धापा टाकतो तोच हा का, असा प्रश्न पडेल. आधी तो काठावर थबकतो. पाण्याकडे बघतच नाही, बघतो तुमच्या हाताकडे. हात वर गेला की कान पुढे, अंग ताठ, शेपटी स्थिर. हातातली वस्तू सुटली की धप्प! पाणी दोन्ही बाजूंना उडतं आणि मग दिसतं फक्त काळंभोर डोकं, त्यामागं वळत जाणारी शेपटीची वल्ही. नाकातून फुर्र फुर्र आवाज. वस्तू तोंडात धरून वळताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला हसू म्हणायचं की नाही हे शास्त्रज्ञांनी ठरवावं, मी तरी हसूच म्हणते. काठावर येतो, वस्तू पायाशी ठेवतो, अंग झटकून आपल्याला नखशिखांत भिजवतो आणि पुन्हा हाताकडे बघत उभा राहतो. टाक ना परत!

हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. निदान या जन्मात तरी नाही. पाखरांच्या शिकारीसाठी तयार केलेल्या कुत्र्यांच्या जाती बऱ्याच. पॉइंटर झुडपातलं पाखरू हुंगून दगडासारखा उभा राहतो, स्पॅनियल ते उठवून लावतो, आणि रिट्रीव्हरचं काम म्हणजे पडलेलं पाखरू पाण्यातून, चिखलातून शोधून धन्याच्या हातात आणून देणं. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन हे दोघे रिट्रीव्हर. आपल्याकडचा कारवान हाही शिकारीच, पण तो डोळ्यानं हेरून वाऱ्यासारखा धावणारा. फेकलेली वस्तू आणून हातात द्यायचं बहुधा त्याच्या गावीही नसतं!

गंमत म्हणजे लॅब्रॅडॉर मूळचा लॅब्रॅडॉरचा नाहीच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या होड्यांवर त्याचे पूर्वज राबायचे. गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारून जाळ्याची दोरी ओढून आणायची, गळातून निसटलेला मासा पकडायचा, असं काम. म्हणून त्याचे केस आखूड, दाट आणि तेलकट, पाणी आत शिरूच देत नाहीत. बोटांमध्ये पडदे, शेपटी जाड, पाणमांजरासारखी. एकोणिसाव्या शतकात मासळी घेऊन जाणाऱ्या जहाजांबरोबर ही कुत्री इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली आणि तिथल्या उमरावांनी बदकांच्या शिकारीसाठी त्यांची पैदास केली. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. मूळ बेटावर मात्र ती कुत्री कमी कमी होत गेली आणि शेवटची दोन १९८० च्या दशकात संपली. लेक परदेशात नांदते आणि माहेर उठून जातं, तसंच हे!

गोल्डनची गोष्ट आणखी गोड. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी आपला 'नूस' नावाचा पिवळा कुत्रा आणि 'बेल' नावाची पाण्यात पटाईत असलेली स्पॅनियल कुत्री यांची जोडी जमवली. १८६८ मध्ये चार पिवळी पिल्लं झाली. त्यातल्या तिघांची नावं पिवळ्या फुलांवरून ठेवली होती: प्रिमरोझ, काउस्लिप आणि क्रोकस. चौथी एडा. आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचं घराणं इथूनच सुरू होतं.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकार बंद केली, ते फार बरं झालं. बंदूक गेली. पण कुत्र्याच्या रक्तातलं ते 'आणून देणं' कुठं जाणार? पाखरू अजिबात न चुरगळता आणता यावं म्हणून या जातींचं तोंड 'मऊ' राहील अशी पैदास पिढ्यान् पिढ्या झाली. आमच्या शेरूनं घाटावर धुणाऱ्या मावशींच्या दगडावरची साबणाची वडी पळवून माझ्या हातात आणून दिली, तर तिच्यावर दाताची खूणसुद्धा नव्हती. दुसऱ्या एका दिवशी कुणीतरी नदीला वाहिलेला नारळ त्यानं ओढत परत आणला आणि नेमका वाहणाऱ्या आजींच्याच पायाशी ठेवला. "वहिनी, आवरा की तुमच्या कुत्र्याला!" म्हणून मावशी ओरडल्या खऱ्या, पण आजी स्वतःच तोंडाला पदर लावून हसत होत्या. "नदी म्हणती, माझं पोट भरलंय," म्हणाल्या.

खेळाचा आनंद हा एक भाग झाला. दुसरा भाग त्याच्या आयुष्याचाच आहे. लॅब्रॅडॉर सारखा भुकेला का असतो? केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये त्याचं एक कारण सापडलं. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे त्याची खाण्याची ओढ वाढते. तेव्हा ते केविलवाणे डोळे खोटं बोलत नसतात, पण म्हणून पोळी टाकायची असं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर पिल्लूपणापासून शेवटापर्यंत, चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी सडपातळ कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे केवढी! जाड झालेल्या, कमरेनं अधू कुत्र्याला डांबरी रस्त्यावर पळवणं म्हणजे त्याचे हाल. पाण्यात मात्र वजन सांध्यांवर येत नाही. आपल्या उन्हाळ्यात तर या दाट केसांच्या प्राण्याला पाण्यासारखं सुख नाही.

आणि आपलं काय? शेवटचं काहीतरी जोरात, लांब फेकलं होतं कधी, आठवतंय? (झुरळावर मारलेली चप्पल धरू नका!) शाळा सुटली तसा चेंडू सुटला. चारचौघांत बाईमाणूस नदीकाठी नुसतंच खेळतंय, हे अजून आपल्या गावांना पचत नाही. कुत्रं बरोबर असलं की निमित्त मिळतं, 'त्याला फिरवायला' आलेय म्हणता येतं. निमित्त तर निमित्त! पहिल्या दिवशी माझा नेम जेमतेम पाच हातांवर पडला, शेरूनं माझ्याकडे बघितलं तेही जरा कीव केल्यासारखं. महिनाभरात खांदा मोकळा झाला.

फेकायला काय घ्यायचं? काठी नको, ती घशात, टाळूत घुसते. दगड तर नकोच. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, त्यात घट्ट बूच लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली घाला, दोन्ही टोकं शिवून टाका आणि एका टोकाला हातभर दोरी. तरंगतं छान. वर पांढरं किंवा पिवळं फडकं शिवलंत तर उत्तम, कारण कुत्र्याला लाल रंग नीट कळत नाही. सुरुवात घरातच करा. आणलं की ओढाताण न करता पोळीचा बारीक तुकडा पुढे धरून "सोड" म्हणायचं. मग घोटाभर पाणी, मग गुडघाभर. आधी आपण पाण्यात उभं राहायचं आणि त्याला येऊ द्यायचं. ढकलायचं मुळीच नाही, एकदा घाबरलं की जन्माची भीती बसते. गळ्यात साखळी नको, छातीचा पट्टा आणि लांब दोरी बरी. दहा मिनिटांनी विश्रांती. सारखं तोंड उघडून झेप घेताना पोटात फार पाणी गेलं तर त्यानंही कुत्रं गंभीर आजारी पडतं. आणि भरल्या पोटी नेऊ नका.

जागेबाबत मात्र मी कडक आहे. शेततळ्यावर कुत्र्याला कधीच नेऊ नका. प्लॅस्टिकच्या कागदावरून वर चढता येत नाही, ना त्याला ना माणसाला. पाटाच्या पाण्याला ओढ असते आणि काठ सिमेंटचे, तिथंही नको. धरणाखालच्या नदीत पाणी सोडण्याची सूचना आहे का ते आधी विचारा. सांगलीकडच्या किंवा चिपळूणच्या मैत्रिणींना मगरींबद्दल मी काय सांगायचं! पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर परत फिरा, त्यातलं विष कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टोची भीती, त्याची लस डॉक्टरांकडून देऊन घ्या. आणि आपल्यापैकी बहुतेकींना पोहता येत नाही. कुत्रं खोल पाण्यात गेलं म्हणून मागे उतरायचं नाही. काठावरून हाक मारा, दोरी ओढा. ते आपल्यापेक्षा कितीतरी बरं पोहतं.

एक विनंती पाखरांसाठी. नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी अशा अभयारण्यांच्या काठी हा खेळ नको. हिवाळ्यात थव्यांनी उतरलेली परदेशी बदकं दमून आलेली असतात. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते, ती आपल्याला दिसतही नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं, इथून निघा.

घरी आल्यावर कान उलटून कोरड्या फडक्यानं पुसा. लोंबत्या कानात ओल राहिली की आठवड्यात खाज आणि वास सुरू. कधी गार पाण्यात खूप पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपटी मुळापासून लुळी पडलेली दिसते आणि आपलं धाबं दणाणतं. डॉक्टरांना दाखवा, पण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांच्या विश्रांतीनं ती पूर्ववत हलायला लागते. आणि हो, तो बाहेर आल्यावर अंग झटकायच्या आधी क्षणभर पाय रोवून उभा राहतो. तेवढ्या वेळात दोन पावलं मागे सरकायचं. नाही जमलं तर साडी वाळत घालायची, दुसरं काय!